कुंभारकावळ्याचं कुळ

साकोलीहून निघालेलं पाकीट चौथ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत पोचलं. वैजयंताबाई माजगावकरांनी हात साबणाने धुतले, पंच्याला कोरडे केले, खिडकीतल्या उन्हात दोन मिनिटं धरले आणि मगच पाकिटाला सुरी लावली. एकोणसत्तर वर्षांच्या बाईने चिक्कीबरोबर फुकट मिळालेल्या कागदासाठी एवढा सोपस्कार करावा, याचं त्यांच्या यजमानांना, शामरावांना, आता नवल वाटत नव्हतं. ते पेपर वाचत बसले.

पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक पान होतं. पान म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढं चित्र. १९९७ साली एका चिक्कीवाल्याने प्रत्येक पुडीत एक पक्षी घालायला सुरुवात केली होती. एकूण पक्षी चौसष्ट. दीड वर्षात चिक्कीवाला बुडाला, चिक्कीची चवही लोक विसरले, पण पाखरं राहिली. तेव्हा ती जमवणारी पोरंटोरं २०४४ साली पन्नाशी ओलांडून बसली होती आणि त्यांचा ‘पाखरांचा कट्टा’ नावाचा नेटवरचा गट बेळगावपासून गोंदियापर्यंत पसरला होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले चारशे बारा सभासद घरबसल्या पानांची अदलाबदल करायचे. त्यात वैजयंताबाई थोरल्या. अकराशेच्या वर अदलाबदली त्यांच्या नावावर होत्या आणि एकीतही खोट नव्हती.

आज त्यांच्या हातात होतं सदतिसावं पान. काळं अंग, तांबूस पंख, लाल डोळे. खाली नाव छापलेलं : कुंभारकावळा.

पुस्तकात या पक्ष्याला भारद्वाज म्हणतात आणि बाकीच्या सगळ्या सदतिसाव्या पानांवर तेच नाव आहे. पण अगदी पहिल्या छपाईत ते कुंभारकावळा असं पडलं. पुड्या बाजारात गेल्यावर चिक्कीवाल्याच्या लक्षात आलं, त्याने आकांडतांडव केलं, उरलेली पानं फाडली आणि नाव बदलून घेतलं. जी थोडी निसटली त्यांतली अकरा आजवर सापडली होती. ज्याच्याकडे एक आहे तो कट्ट्यावर सरदार. गंमत अशी, की पान एवढं मानाचं आणि नाव मात्र टिंगलीचं. कुणी चुकीच्या पत्त्यावर पाकीट धाडलं, की बाकीचे म्हणत, ‘कुंभारकावळा केलास.’ तो कोण अडाणी टायपिस्ट असेल, त्याला पक्षी तरी ठाऊक होता का, यावर दर वर्षी एकदा गप्पा रंगत. वैजयंताबाईही त्यात हसरा चेहरा टाकून मोकळ्या होत.

तो अडाणी टायपिस्ट म्हणजे त्या स्वतः होत्या. हे कट्ट्यावर कुणालाच माहीत नव्हतं, आणि शामरावांनाही नव्हतं.

बाविसाव्या वर्षी त्या शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये संगणकावर अक्षरजुळणी करायच्या. हात असा, की मालक बाहेरच्या माणसाला मुद्दाम बोलावून दाखवायचे. चौसष्ट पक्ष्यांची यादी हाताने लिहिलेली आली, त्यात सदतिसाव्या जागी शाई फुटून नाव पुसलेलं होतं. चित्र मात्र समोर होतं. त्या आजऱ्याकडच्या. परड्यात, कुंपणावर, उसाच्या बांधावर हे पाखरू त्यांनी शंभरदा पाहिलेलं. नाव कुणाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पुढे बोभाटा झाला तेव्हा मालकांनी सगळ्या कामगारांसमोर त्यांना उभं केलं आणि विचारलं, “सोताचं आडनाव घुसडलंस व्हय गं पाखरात?” कारण वैजयंताबाईंचं माहेरचं आडनाव कुंभार. मशीनवरची माणसं पोट धरून हसली. त्या संध्याकाळी त्यांनी काम सोडलं आणि घरी सांगितलं, की प्रेसला काम कमी झालंय.

तर असं हे पान. सत्तेचाळीस वर्षांत ते त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं, आणि आता साकोलीच्या श्रावण मेश्रामांनी ते आठ पाणपक्ष्यांच्या बदल्यात देऊ केलं होतं. मेश्राम वनखात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, कट्ट्यावर चौदा वर्षं. वैजयंताबाईंनी पानावरून अंगठा फिरवला. ‘ळ’ आणि त्याचा काना एकमेकांना चिकटत होते म्हणून त्यांनी तेव्हा मधे केसभर जागा सोडली होती. ती जागा तिथे होती. छाती भरून येणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मग नियमाप्रमाणे त्यांनी पान फोनखाली धरलं.

हा नियम तीन वर्षांपूर्वीचा. कागद म्हणजे लगद्यातले बारीक धागे एकमेकांवर पडून वाळलेला थर. ते कसे पडावेत यावर कुणाचा ताबा नसतो. मूठभर तांदूळ दोनदा फेकले तर प्रत्येक दाणा त्याच जागी पडायचा नाही, तसंच हे. फोनला जोडायची एक डबी निघाली. ती चार बाजूंनी तिरपा उजेड टाकते, धाग्यांच्या सावल्या टिपते आणि त्यावरून पानाचा ठसा बनवते. पाठवणाऱ्याने ठसा घ्यायचा, मिळाल्यावर घेणाऱ्याने घ्यायचा. दोन्ही जुळले, की पाठवलेलं पान तेच पोचलं. मधे कुणी बदललं, किंवा चांगलं पान घेऊन ‘मला फाटकं आलं’ असा कांगावा केला, तर उघडं पडतं. या डबीने लबाडांची पंचाईत केली यात शंका नाही.

गेल्या वर्षी एका भामट्याने जुन्या कागदावर सहा खोटी पानं छापून खपवली. ती पोचली तशीच होती, म्हणून ठसे जुळले. मग रत्नागिरीच्या निहार केळुसकरने, जो कट्ट्याचं सगळं तांत्रिक काम बघायचा, पुढची पायरी काढली. कागद बनताना ओला लगदा ज्या जाळीवरून जातो तिची वीण कागदात उतरते. लगदा बांबूचा, चिंध्यांचा की उसाच्या चिपाडाचा, हेही धाग्यांवरून समजतं. हजारो पानांचे ठसे ताडून निहारच्या यंत्राने कागदांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला नाव दिलं ‘कुळ’; ही तपासणी पान पोचल्यावर होई. माणसांची कुळं विचारायचं कुठे जरा कमी झालं होतं, तर कागदाची निघाली. पण या नियमाच्या बाजूने पहिला हात वर केला होता तो वैजयंताबाईंनीच.

फोनवर आधी हिरवी खूण आली : ठसा जुळला. मग लाल आली : कुळ जुळत नाही. त्याखाली ठळक अक्षरांत शब्द उमटला, ‘बनावट’. आणि नियमाप्रमाणे तो त्याच क्षणी चारशे बारा फोनांवर उमटला.

दुपारपर्यंत कट्ट्यावर धुरळा उडाला. आठ दिवसांत मेश्रामांनी पान खरं असल्याचं सिद्ध करायचं, नाही तर त्यांना काढून टाकायचं आणि देशभरातल्या बाकी गटांना त्यांचं नाव कळवायचं. चौदा वर्षं ज्यांच्याशी देवाणघेवाण केली त्यांतले निम्मे लोक आपापली पानं पुन्हा तपासायला लागले. एकानेही मेश्रामांना फोन केला नाही. पूर्वी अदलाबदल ठरली, की माणसं आधी फोनवर बोलत, पोरांची लग्नं, गुडघेदुखी, पाऊसपाणी होई आणि मग विश्वास बसला, की पाकीट टाकत. डबी आल्यापासून त्याची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेश्रामांनीच फोन केला. आवाज खाली गेला होता. त्यांनी सांगितलं, की पान त्यांना नागपूरच्या एका प्रदर्शनात मिळालं होतं. चिक्कीचा विक्रेता नमुन्याची पानं वाटत होता. घरी नेलं तर बायकोने, ती अंगणवाडी चालवायची, रजिस्टरमध्ये खूण म्हणून ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. ती गेल्यावर कागदपत्रं आवरताना सापडलं.

“ताई, मी जंगलात अठ्ठावीस वर्ष काढले,” ते म्हणाले. “सरकारचा एक बांबू घरी नाही आनला जी. आता लोक म्हनते का मेश्रामनं खोटं पान पाठोलं. तुमाले बी तसंच वाटते का, एवढंच सांगा.”

वैजयंताबाई म्हणाल्या, नाही वाटत.

नागपूर आणि नमुना हे दोन शब्द ऐकले आणि त्यांना सगळं लख्ख आठवलं. प्रदर्शनाला न्यायला पन्नास संच घाईने हवे होते. पानांचा नेहमीचा कागद आला नव्हता. मालकांनी कोपऱ्यात पडलेला एक उरलेला गठ्ठा काढला, आणि खऱ्या छपाईच्या आधी नमुने त्याच्यावर उतरवले. जाडसर, किंचित पिवळट, चिपाडाचा कागद. काल पान हातात आलं तेव्हा बोटांना तो ओळखीचा वाटला होता तो यामुळे. यंत्राने असा कागद कधी पाहिलाच नव्हता, कारण ती पानं पुडीत गेलीच नव्हती.

हे त्यांनी निहारला कळवलं, मात्र आपल्याला हे कसं ठाऊक ते सांगितलं नाही. निहार पोरगा भला. त्याने अदबीने उत्तर दिलं, की काकू, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण ऐकीव माहितीवर नियम वाकवला तर उद्या प्रत्येक जण एक गोष्ट घेऊन येईल. त्याच गठ्ठ्यातला, त्याच काळातला, तारीख असलेला दुसरा कागद दाखवा. यंत्र स्वतःहून मान्य करेल.

वैजयंताबाईंना राग आला तो त्याच्या म्हणण्याचा नव्हे, त्याच्या एका शब्दाचा. “निहार, तुझं यंत्र म्हणतंय, मला हा कागद माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “बनावट हे तू लिहिलंयस. माहीत नसणं आणि खोटं असणं यात फरक आहे की नाही?”

निहारने कबूल केलं, फरक आहे. पण पुरावा लागेलच.

पुरावा होता. तोच तर घोळ होता. मालकांनी कोपऱ्यातून काढलेला तो गठ्ठा उरला होता एका लग्नपत्रिकेच्या कामातून, आणि ती पत्रिका खुद्द वैजयंताबाईंच्या लग्नाची होती. मे महिन्यात लग्न, जुलैत नमुने. कामावरची मुलगी म्हणून मालकांनी तेव्हा कौतुकाने चांगला कागद दिला होता. पत्रिका दाखवायची म्हणजे काय, हे त्यांना नीट कळत होतं. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, ‘चि. सौ. कां. वैजयंता, श्री. बाळू कुंभार यांची कन्या’, आणि खाली प्रेसचं नाव. कट्ट्यावरची माणसं पान पारखणारी. दोन आणि दोन चार करायला त्यांना पाच मिनिटं पुरली असती. प्रेसमधलं ते हसणं पुन्हा एकदा, या खेपेला चारशे बारा तोंडांनी.

दोन दिवस त्यांनी पत्रिकेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. साकोलीत एक म्हातारा माणूस चोर ठरतो आहे, त्याच्यावर शिक्का पडला तो माझ्या फोनमधून, आणि मी इथे आडनाव लपवून बसले आहे. त्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरची पत्र्याची पेटी खाली घेतली.

शामराव मदतीला आले आणि पत्रिका बघून म्हणाले, की आता काय दुसऱ्यांदा लग्न लावायचं काय? मग बायकोचा चेहरा पाहून थट्टा आवरली. वैजयंताबाईंनी सगळं सांगितलं. शाई फुटलेली यादी, मालकांचं बोलणं, हसणारी माणसं, काम कमी झाल्याची थाप, सगळं.

शामरावांनी चष्मा काढून पुसला. “एवढं सत्तेचाळीस वर्सं उरावर घिऊन बसलीस व्हय?” ते म्हणाले. “अगं, आमच्यात बी त्याला कुंभारकावळाच म्हणत्यात की. तुझं चुकलं काय?”

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नव्हता विचारला.

रविवारी अकराला कट्ट्याची सभा भरली. पडद्यावर दोनशेच्या वर चेहरे होते. एका चौकटीत मेश्राम पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंडी लावून बसले होते. निहारने नियम वाचायला सुरुवात केली तेव्हा वैजयंताबाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी प्रस्तावना केली नाही. पत्रिका सगळ्यांना दिसेल अशी धरली, तिच्या कोऱ्या बाजूवर डबी ठेवली आणि ठसा घेऊन पाठवला.

यंत्राला चाळीस सेकंद लागली. दोन्ही कागदांची जाळीची वीण एक निघाली. चिपाडाचं प्रमाण एक. लगद्यात मिसळलेला, नंतर कधीच न दिसलेला एक निळसर रंगकण, तोही एक. पडद्यावर ओळ आली : ही दोन्ही एका कुळाची.

पुण्याच्या एका सभासदाने लगेच शंका काढली. तो कागद काकूंच्या घरीच आहे, मग पानही त्यांनीच छापलं नसेल कशावरून? शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर निहारने दिलं. पान साकोलीहून निघताना मेश्रामांच्या डबीने घेतलेला ठसा आणि कोल्हापुरात पोचल्यावरचा ठसा एकच आहे. म्हणजे हे पान काकूंच्या घरात तयार झालेलं नाही, ते साकोलीहूनच आलं. त्याने हे सांगितलं आणि मेश्रामांच्या नावापुढची लाल खूण सगळ्यांच्या देखत पुसली. मग यंत्राच्या उत्तरातून ‘बनावट’ हा शब्दही काढून टाकला आणि तिथे ‘कुळ अजून अज्ञात’ असं लिहिलं. मेश्रामांनी रुमालाने तोंड पुसलं. मग हात जोडून बसले.

तोवर कुणीतरी पत्रिका मोठी करून वाचली होती. “काकू, हे कुंभार म्हणजे...?” एका बाईंनी विचारलं आणि प्रश्न अर्धाच सोडला.

“म्हणजे मी,” वैजयंताबाई म्हणाल्या. “तुमचा तो अडाणी टायपिस्ट.”

दर वर्षीच्या गप्पांत पुढे असणाऱ्या चारपाच जणांनी आपापल्या चौकटीत माना खाली घातल्या. वैजयंताबाईंना वाटलं होतं, आपण रडू. पण आवाज अगदी खणखणीत निघाला. त्यांनी पुसलेल्या नावाची हकिगत सांगितली, ‘ळ’ आणि कान्यामधल्या केसभर जागेची सांगितली. ज्यांच्याकडे ती पानं होती त्या अकरा जणांनी उठून आपापलं पान आणलं, भिंगाखाली धरलं, आणि एकेक करत म्हणाले, आहे, जागा आहे. एवढी वर्षं आपण ते पान डोळ्यांत तेल घालून जपलं आणि त्यावरचं काम पाहिलंच नाही, असं सांगलीचे एक जण मोकळेपणी म्हणाले. मग एकीने सांगितलं, की आमच्याकडे या पक्ष्याला सोनकावळा म्हणतात, दुसऱ्याने कुकुडकुंभा सांगितलं, आणि सभा भलतीकडेच जायला लागली.

निहारने ती ताळ्यावर आणली. नोंद तर करायला हवी होती. तो टाइप करता करता मोठ्याने वाचत होता, “पान सदतीस. पहिली छपाई, नमुना. कुळ दुसरं. प्रकार, मुद्रणदोष.”

“दोष काढ,” वैजयंताबाई म्हणाल्या.

“काकू, नोंदवहीत सुरुवातीपासून तसंच आहे. बाराही पानांना तोच प्रकार लावलाय.”

“मग बाराही ठिकाणचा काढ. त्या पाखराचं ते नावच आहे. यादीतला शब्द पुसलेला होता आणि मला जो येत होता तो मी जुळवला, नीट जुळवला. उभ्या जन्मात मी याच्याइतकं चांगलं काम केलेलं नाही.”

निहारने हुज्जत घातली नाही. त्याने शब्द खोडला. रकाना रिकामा झाला आणि यंत्र रिकामा रकाना स्वीकारेना. तिथे काय घालू, त्याने विचारलं. वैजयंताबाईंनी एकदा शामरावांकडे पाहिलं. ते पेपर बाजूला ठेवून, हाताची घडी घालून, कुणी आपला सत्कार करत असल्यासारखे ताठ बसले होते.

“लिही,” त्या म्हणाल्या. “अक्षरजुळणी, वैजयंता कुंभार. गाव आजरा.”

निहारने लिहिलं आणि ओळ सगळ्यांच्या पडद्यावर गेली. वैजयंताबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि अनुस्वार, वेलांट्या, सगळं एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “छापायला घ्या.”